ऐकलेला ख्रिस्त व भेटलेला ख्रिस्त

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या त्रिदिवसीय प्रार्थनासभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, आणि या मंगल प्रसंगी परमेश्वराचे उपकार मानण्यासाठी आपण एकत्र जमलो आहो. अशा वेळी मागे वळून पाहणे उचितच होय. या पुणे शहरात कॅथलिक उपासनेसाठी पहिली जागा सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी, १७९२ साली मिळाली. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या ख्रिस्ती शिपायांची सोय व्हावी म्हणून ती देण्यात आली होती. पुढे १८८६ साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली. १९०३ साली ज्यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केले, ते फादर हेन्री डोरिंग पुढे याच धर्मप्रांताचे बिशप झाले. त्यानंतर नगर जिल्ह्यातून, गोव्याहून, वसईहून किती तरी कुटुंबे पोटापाण्यासाठी या शहरात आली. कोणी दुष्काळाने आली, कोणी नोकरीसाठी आली. येताना त्यांनी फारसे काही आणले नाही. परंतु जपमाळ व प्रार्थनेचे पुस्तक आणावयास ती विसरली नाहीत. त्या श्रद्धेवरच आपला हा धर्मग्राम उभा आहे.

तथापि आज आम्ही तुमच्यापुढे इतिहास मांडणार नाही. आम्ही एक प्रश्न मांडणार आहो. आपल्या वाडवडिलांनी जो देव आपल्याबरोबर या शहरात आणला, त्या देवाची आपली स्वतःची ओळख झाली आहे काय? बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपले नाव आहे, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे छायाचित्र घरातील भिंतीवर आहे, रविवारची मिस्सा सहसा चुकत नाही. हे सर्व चांगले आहे, व त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. परंतु या सर्वांच्या मुळाशी जो आहे, त्याची व आपली भेट झाली आहे काय?

सेमिनरीत आम्ही वर्षानुवर्षे ईश्वरज्ञानशास्त्राचा अभ्यास केला. देवाचे गुण कोणते, त्रैक्याचे रहस्य ख्रिस्तसभा कोणत्या शब्दांत सांगते, कृपा म्हणजे काय, हे सर्व आम्ही शिकलो. आणि ते शिक्षण अत्यंत मोलाचे आहे असे आम्ही आजही म्हणतो. परंतु आमच्या गुरुजनांनीच आम्हांस पहिल्यापासून बजावले होते की, देवाविषयीचे ज्ञान निराळे व देवाचे ज्ञान निराळे. विहीर किती हात खोल आहे, ती कोणी खणली, तिचे झरे कोठून येतात, हे सर्व ज्यास सांगता येते, त्याची तहान तेवढ्याने भागत नाही. पोहरा आत सोडून पाणी वर काढावे लागते व ते स्वतः प्यावे लागते.

विहिरीचा उल्लेख आम्ही सहज केला नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील कथा तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. भर दुपारची वेळ आहे. याकोबाच्या विहिरीवर प्रभु येशू थकून बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास येते. जिच्याशी गावातील प्रतिष्ठित माणसे बोलत नसत, तिच्यापाशी प्रभु पाणी मागतो. तिच्या जीवनातील जे सत्य ती लपवून ठेवीत होती, ते तो तिच्यापुढे ठेवतो. पण ते तिला लाजविण्यासाठी नव्हे, तर मोकळे करण्यासाठी. ती घागर तेथेच टाकून गावात धावते व लोकांस सांगते. येथवरची कथा आपण नेहमी ऐकतो. परंतु अध्यायाचा पुढचा भाग आपल्या ध्यानात राहत नाही. गावातील लोक प्रथम त्या स्त्रीच्या सांगण्यावरून विश्वास ठेवतात. मग ते प्रभूला आपल्या गावी दोन दिवस ठेवून घेतात, आणि शेवटी तिला म्हणतात की, आता आम्ही केवळ तुझ्या बोलण्यावरून विश्वास ठेवीत नाही. आम्ही स्वतः ऐकले आहे.

बंधुभगिनींनो, श्रद्धेच्या या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी दुसऱ्याच्या साक्षीची. आई, आजी, धर्मशिक्षक, धर्मगुरू यांच्या तोंडून आपण प्रभूविषयी ऐकतो. ही पायरी तुच्छ नव्हे. तिच्यावाचून दुसरी पायरी बहुधा कोणास चढता येत नाही. परंतु जो आयुष्यभर पहिल्याच पायरीवर उभा राहतो, तो प्रभूला आपल्या घरी दोन दिवससुद्धा ठेवून घेत नाही.

याचे एक उदाहरण आपल्या याच पुणे शहरात घडलेले आहे. ते पंडिता रमाबाईंचे होय. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सभासद नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला, आणि पंथांच्या मतभेदांविषयी त्यांनी आपले विचार नेहमी स्वतंत्र ठेवले. मग कॅथलिक महोत्सवात त्यांचे नाव का, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आपल्या आदेशपत्रात शिकविले आहे की, आपल्यापासून विभक्त असलेल्या बंधुजनांच्या अंतःकरणात पवित्र आत्मा जे कार्य करितो, त्यापासून आपलीही उन्नती होऊ शकते. यास्तव आम्ही निःसंकोचपणे त्यांचे नाव घेतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकविणे ज्या काळी निषिद्ध मानीत, त्या काळी त्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या माउलीने आपल्या मुलीस. लहानपणीच रमाबाईंस भागवत मुखोद्गत झाले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडत असे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली, आणि वडील, आई व थोरली बहीण थोड्याच अवधीत एकामागून एक मरण पावली. व्रते, उपवास, तीर्थस्नाने यांत त्या कुटुंबाने काही उणे ठेवले नव्हते. आम्ही हे कोणाच्या धर्माची निंदा करण्यासाठी सांगत नाही. देवाच्या दारी मनोभावे बसलेल्या माणसांचे ते दुःख होते, आणि त्या दुःखातून रमाबाईंच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो पुस्तकी नव्हता.

भाऊ श्रीनिवास व त्या पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. पुढे भाऊ वारला. विवाह झाला, एक कन्या झाली, आणि १८८२ साली पतीही पटकीने निवर्तले. आसामात पतीच्या घरी असताना बंगाली भाषेतील संत लूकाचे शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले होते. त्याच १८८२ साली त्या पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. येथेच मिस हरफर्ड या शिक्षिकेकडे त्या इंग्रजी शिकल्या व मराठी नवा करार वाचू लागल्या. आणि फादर नेहेम्या गोरे यांच्या नम्र वाणीचा त्यांच्या मनावर परिणाम झाला.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वॉन्टेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी लंडनजवळील फुलहॅम येथील आपल्या आश्रमात त्यांस नेले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथे आश्रय मिळत असे. त्या स्त्रियांशी भगिनी जे वागत, ते पाहून रमाबाई चकित झाल्या. हे तुम्ही कोणत्या प्रेरणेने करिता, असे त्यांनी विचारिले. तेव्हा एका भगिनीने त्यांस संत योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. आपण आताच जी कथा सांगितली, तीच ती कथा. रमाबाईंची खात्री झाली की, पतितांस अशा रीतीने उचलून घेणारा हा खचित जगाचा तारणारा होय. १८८३ च्या सप्टेंबरात, २९ तारखेस, त्यांचा व त्यांच्या कन्येचा बाप्तिस्मा झाला.

येथे ही कथा संपावयास हवी होती, असे कोणास वाटेल. परंतु ती येथे संपत नाही. रमाबाई स्वदेशी परतल्या. १८८९ साली मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणिले. आणि त्यानंतर, १८९१ साली, म्हणजे बाप्तिस्म्यास आठ वर्षे झाल्यावर, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ती निर्भयपणे लिहिली आहे. तिचा आशय असा की, आपणांस ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा जीव जो स्वतः ख्रिस्त, तो सापडला नव्हता. बुद्धीस पटले होते, आचरण शुद्ध होते, परोपकार चालू होता. तरी अंतःकरण कोठे तरी भुकेलेच होते. त्या काळात विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे पाळक कैक वर्षे लोकांस उपदेश करीत होते, आणि १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावरून स्वतःचेच प्रवचन करीत असता त्यांचेच परिवर्तन झाले. ही हकिकत वाचून आम्हां धर्मगुरूंसही अंतर्मुख व्हावे लागते.

मग रमाबाईंनी काय केले? नवे शास्त्र शिकल्या नाहीत. आपली विद्वत्ता व आपली सत्कृत्ये यांचा भार बाजूस ठेवून त्या रिकाम्या हाताने प्रभूपुढे आल्या, आणि क्षमा व शांती ही दूरच्या काळची आश्वासने नसून आजच घ्यावयाच्या देणग्या आहेत, असे त्यांच्या अनुभवास आले. योहानाच्या चौथ्या अध्यायाचा पूर्वार्ध त्यांनी इंग्लंडात दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता. त्याचा उत्तरार्ध आठ वर्षांनंतर पुण्यात त्यांचा स्वतःचा झाला.

मराठी ख्रिस्ती घराण्यांत आणखी एक उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा व्हावयास आणखी पाच वर्षे लागली. पतीचा विश्वास उसना घेऊन त्या माउलीचे समाधान झाले नाही. नवऱ्याचा देव बायकोला उसना चालत नाही, तर आजोबांचा देव नातवास कसा चालेल?

आता या विषयावर तीन शंका नेहमी घेतल्या जातात. त्यांचा विचार करणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली शंका अशी की, अनुभव हा मनाचा खेळ असतो. त्यावर भरवसा कसा ठेवावा? शंका रास्त आहे. संत इग्नेशियस लोयोला १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून घरी पडून होते. पराक्रमाची व मानमरातबाची स्वप्ने पाहताना त्यांस आनंद होई, परंतु मागाहून मन कोरडे पडे. ख्रिस्ताचे व संतांचे चरित्र वाचून त्यांच्यासारखे जगावे असे वाटे, तेव्हाही आनंद होई. पण तो मागाहून टिकून राही. या लहानशा निरीक्षणातून त्यांनी पुढे आत्म्यांची पारख करण्याचे नियम बांधले. अनुभव आला त्या क्षणी किती अश्रू आले, हे पाहू नये. तो ओसरल्यावर मागे काय राहिले, हे पाहावे. रमाबाईंच्या बाबतीत मागे काय राहिले? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवांस व मुलींस घेऊन आल्या. कारण उपासमार त्यांनी स्वतः भोगिली होती. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी त्या सर्वांस नेले. तेच आजचे मुक्ती मिशन. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे २,००० स्त्रिया व मुले होती. १९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट आली; मुली मोठ्याने रडत, पापे पदरात घेत. त्याविषयी तेव्हा अनेकांनी अनेक मते दिली. परंतु दुसऱ्या दिवशी दळण दळावयाचे होतेच, आणि ते दळले गेले. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले गेले. आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी त्या आश्रमात ‘कृपासदन’ उभे राहिले. फुलहॅमला जे डोळ्यांनी पाहिले होते, ते केडगावच्या मातीत रुजले. अनुभवाची खरी कसोटी ती हीच.

दुसरी शंका भक्तिमान माणसांची असते. ते म्हणतात, फादर, आम्ही इतकी वर्षे प्रार्थना करितो, पण आम्हांस काही जाणवत नाही. मग आमची श्रद्धा खोटी काय? अशा माणसांस आम्ही मदर तेरेसांची आठवण देतो. त्यांच्या मृत्यूनंतर २००७ साली त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जगास कळले की, जवळजवळ पन्नास वर्षे त्या आत्मिक अंधारात होत्या. देव जवळ असल्याचे सुख त्यांस मिळत नव्हते. तरी त्या रोज पहाटे प्रभूपुढे गुडघे टेकीत व दिवसभर मरणोन्मुखांची सेवा करीत. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. यावरून हे शिकावे की, देवाची ओळख म्हणजे केवळ गोड भावना नव्हे. काही न जाणवताही ज्याचा हात सोडवत नाही, त्याची ओळख झालेलीच असते.

तिसरी शंका आजकाल अधिक ऐकू येते. देव अंतःकरणात भेटतो, तर मग ख्रिस्तसभा, संस्कार, पापनिवेदन हे सर्व कशाला? काही तरुण आम्हांस असे विचारतात, व आम्ही त्यांच्यावर रागावत नाही. आमचे उत्तर असे की, शोमरोनी स्त्रीला प्रभु विहिरीवर भेटला; विहीर याकोबाने खणून ठेविली होती. पूर्वजांनी खणलेल्या विहिरीपाशीच तिला जिवंत पाणी मिळाले. बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन ही प्रभूने स्वतः नेमिलेली भेटीची स्थाने होत. तेथे आपण जातो, परंतु पुष्कळदा भेटीवाचूनच परत येतो. कारण आपल्यास घाई असते. दोष विहिरीचा नाही. पोहरा आत सोडला गेला नाही, एवढेच.

बंधुभगिनींनो, हा विषय आपण महोत्सवात का घ्यावा? कारण आपल्या श्रद्धेची परीक्षा नुकतीच होऊन गेली आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे ख्रिस्तमंदिरांची दारे बंद झाली, ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरापर्यंत उघडली नाहीत. पुढील वर्षीही ती पुन्हा कैक महिने बंद राहिली. त्या काळात काही घरांतील प्रार्थना मिस्सेबरोबरच थांबली. काही घरांत मात्र, जेथे कधी एकत्र प्रार्थना होत नसे, तेथे ती सुरू झाली. आपल्यापैकी काहींनी आपल्या माणसांस रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचविले व पुन्हा त्यांचे मुख पाहिले नाही. अशा घरी सांत्वनास गेलो असता, आम्ही बोलावयाचे ते त्या घरच्या माणसांनीच आम्हांस सांगितले. देवाने असे का केले, हे त्यांस कळले नव्हते. परंतु त्या रात्री आपण एकटे नव्हतो, एवढे त्यांस निश्चित ठाऊक होते. ईश्वरज्ञानशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात हे वाक्य घालता येईल. ते मात्र कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते.

उलटपक्षी, आपल्या मुलांपैकी कित्येक शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूरदेशी जात आहेत. तेथे त्यांस आजीची जपमाळ कानी पडणार नाही, घंटा ऐकू येणार नाही, रविवारी कोणी उठविणार नाही. जो देव त्यांनी केवळ आपल्याकडून ऐकला, तो तेथे किती दिवस टिकेल? जो त्यांस भेटला, तो त्यांच्याबरोबर जाईल. आणि आपणांस स्वतः न भेटलेल्या प्रभूची साक्ष आपण मुलांस देऊ लागलो, तर मुलांस ते चटकन कळते.

यास्तव या महोत्सवी वर्षी तुम्ही तीन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंती आहे.

पहिली, सत्य. वर्षातून एकदा तरी असे पापनिवेदन करावे की, ज्यात आपण ठरावीक यादी म्हणून न दाखविता, जे खरोखर झाकून ठेविले आहे ते प्रभूपुढे ठेवू. शोमरोनी स्त्रीची ओळख तेथूनच सुरू झाली.

दुसरी, मौन. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर लगेच उठून न जाता थोडा वेळ प्रभूपाशी स्वस्थ बसावे, आणि घरी रोज शुभवर्तमानातील चार ओळी आपल्या मायबोलीत वाचाव्या. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालविली. ते आश्रमातील स्त्रियांनीच छापले, आणि १९२२ साली रमाबाई वारल्यानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित बाईलाही देव तिच्या बोलीत भेटावा, हाच त्यांचा हेतू. त्यापूर्वी तीनशे वर्षे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली आपले ख्रिस्तपुराण याच भाषेत आपल्या हाती दिले होते. इतके श्रम आपल्यासाठी झाले असता पुस्तक कपाटात ठेवणे बरे नव्हे.

तिसरी, सेवा. दर महिन्यास निदान एका दारी जावे. ससून रुग्णालयात आपले कोणी नसलेला रोगी असेल, आपल्याच आळीत एकटी राहणारी म्हातारी असेल, घरकामास येणाऱ्या बाईचे आजारी मूल असेल. प्रभूने स्वतः सांगून ठेविले आहे की, त्या कनिष्ठांच्या ठायी तो आहे. ज्यास प्रार्थनेत तो जाणवत नाही, त्यास तो पुष्कळदा तेथे भेटतो.

आपल्या पूर्वजांनी ही विहीर खणली. पन्नास वर्षे ती आटली नाही. आता प्रत्येकाने आपला पोहरा घेऊन तिच्यापाशी यावे, आणि पुढील पन्नास वर्षांनी याच ठिकाणी जमणाऱ्या आपल्या नातवंडांनी आपल्याविषयी असे म्हणावे की, यांनी आम्हांस सांगितले म्हणून आम्ही आलो, आणि आल्यावर आम्ही स्वतः ऐकले. पवित्र मरियामातेच्या विनंतीने प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस ही कृपा देवो. आमेन.